साहेबाच्या पुढून जाणारे

घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. मी बँकेत चिकटलो त्या दिवशी आमच्या हेडक्लार्कनी मला हाच उपदेश केला. घोडे हल्ली बँकेत येत नाहीत, तेव्हा उरलेला अर्धा तेवढा पाळ, म्हणाले. तो मी गेली वीस वर्षं इमानेइतबारे पाळत आलो आहे. साहेबाच्या केबिनवरून जायची वेळ आलीच तर मी रेकॉर्डरूमला वळसा घालून जातो. चार पावलं जास्त पडतात, पण रक्तदाब ताब्यात राहतो.

त्यामुळेच असेल, साहेबाच्या पुढून, अगदी टेबलाला घासून जाणाऱ्या जमातीबद्दल मला फार कुतूहल. आणि अखिल विश्वात या जमातीचे मुकुटमणी म्हणजे सूर्याला घासून जाणारे धूमकेतू. बाकीचे धूमकेतू तसे मर्यादशील असतात. तो सुप्रसिद्ध हॅलेचा धूमकेतू घ्या. शहात्तर वर्षांनी एकदा यायचं, पावणेनऊ कोटी किलोमीटरवरूनच सूर्याला नमस्कार घालायचा आणि आल्या पावली परत फिरायचं. याला म्हणतात सर्व्हिस रेकॉर्ड. पण १८४३ सालचा एक पठ्ठ्या सूर्याच्या पृष्ठभागापासून सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास येऊन गेला. सव्वा लाख म्हणजे खूप झाले असं वाटेल. पण सूर्याचा व्यासच मुळी चौदा लाख किलोमीटर. सूर्य नारळाएवढा धरला तर हा गडी त्याच्यापासून एका बोटाच्या रुंदीवरून गेला म्हणायचा. तेही सेकंदाला साडेपाचशे किलोमीटरच्या वेगानं. म्हणजे मुंबईहून नागपूर दीड सेकंदात. साहेबासमोरून जायचंच झालं तर याच वेगानं जावं, हेही त्यातून शिकण्यासारखं आहे.

आता बी.कॉम. झालेल्या माणसाचा आणि खगोलशास्त्राचा काय संबंध, असं कोणी विचारील. संबंध आहे. या धूमकेतूंचा सगळा इतिहास म्हणजे अथपासून इतिपर्यंत एक खातेवहीची भानगड आहे. हा आलेला कोण? मागे आला होता तोच का हा? का त्याचा भाऊ? आम्ही बँकवाले ज्याला 'ग्राहकाची ओळख पटवणे' म्हणतो आणि ग्राहक ज्याला 'पुन्हा केवायसी? मागच्या वर्षी तर दिली!' म्हणतो, तोच प्रकार साडेतीनशे वर्षं आकाशात चालला आहे. आणि त्यात न्यूटनसारख्या माणसाच्या व्हाउचरलासुद्धा लाल शाई लागलेली आहे. हे वाचल्यापासून मला खगोलशास्त्र आपलंसं वाटू लागलं.

गोष्ट १६८० सालची. त्या वर्षी एप्रिलात शिवाजीमहाराज गेले, आणि नोव्हेंबरात हा धूमकेतू उगवला. महिन्या-दोन महिन्यांनी आधी उगवला असता तर सगळा ठपका त्याच्यावर येता. सात महिने लेट झाल्यामुळे बिचारा वाचला. जर्मनीत कोबुर्ग गावी गॉटफ्रीट किर्श म्हणून एक गृहस्थ राहत. पंचांगं तयार करून पोट भरत. १४ नोव्हेंबरच्या पहाटे चंद्र आणि मंगळ बघायला म्हणून त्यांनी दुर्बीण लावली आणि जवळच त्यांना एक अंधुक पुंजका दिसला. दुर्बिणीतून सापडलेला हा जगातला पहिला धूमकेतू. तोपर्यंतचे सगळे धूमकेतू नुसत्या डोळ्यांना दिसत, किंबहुना डोळ्यांत भरत. आमची आजी त्यांना शेंडेनक्षत्र म्हणे.

हा पुंजका पहाटेच्या आकाशात सूर्याकडे सरकत सरकत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्याच्या उजेडात गडप झाला. आणि महिना संपायच्या आत संध्याकाळच्या आकाशात भलीमोठी शेपटी घेऊन एक धूमकेतू उगवला. शेपटी अशी की अर्धं आकाश व्यापून वर दशांगुळं उरावी. युरोपातल्या बहुतेक विद्वानांनी वहीत दोन नोंदी केल्या: नोव्हेंबरचा धूमकेतू एक, डिसेंबरचा धूमकेतू दोन.

एक माणूस मात्र म्हणाला, की अहो, हे दोन नव्हेत. गेलेलाच परत आलाय. हा माणूस म्हणजे ग्रिनिचच्या वेधशाळेचा जॉन फ्लॅमस्टीड. इंग्लंडच्या राजाचा पहिला अधिकृत खगोलशास्त्रज्ञ. पगार वर्षाला शंभर पौंड, आणि उपकरणं ज्याची त्यानं आणायची. म्हणजे नोकरी सरकारी, पण पेन घरून. अशा माणसाला नोंदी ताडून बघायची सवय असते, कारण दुसरं काही त्याच्या हातात नसतं. त्यानं केंब्रिजला न्यूटनला कळवलं. न्यूटननं साफ नाकारलं.

नाकारायला कारणही होतं. फ्लॅमस्टीडचं म्हणणं असं, की सूर्य हा मोठा लोहचुंबक आहे. त्यानं धूमकेतूला आधी ओढून घेतलं आणि मग सूर्याच्या अलीकडेच वळवून परत ढकललं. न्यूटन म्हणाला, चुंबक लाल होईपर्यंत तापवला की त्याचं चुंबकत्व जातं, मग सूर्यात कसलं राहतंय? मुद्दा बिनतोड होता. एका खातेदाराला दोन खाती देऊन न्यूटननं फाईल बंद केली.

पुढे चारपाच वर्षांत त्याच्याच डोक्यात गुरुत्वाकर्षणाचा हिशेब पक्का झाला, आणि त्यानं ती फाईल पुन्हा उघडली. वेध मांडून पाहिले तर दोन्ही धूमकेतू एकाच वाटेवर! धूमकेतू सूर्याच्या अलीकडून वळला नव्हता, त्याला पलीकडून पूर्ण वळसा घालून आला होता. १६८७ साली 'प्रिन्सिपिया' छापून झालं, त्यात शेवटाकडे या धूमकेतूची वाट आखून दाखवली आहे. सूर्याच्या पृष्ठभागापासून तो दोन-सव्वादोन लाख किलोमीटरवरून गेला होता. त्या वेळी तो किती तापला असेल याचाही न्यूटननं हिशेब केला, तो निघाला लाल तापलेल्या लोखंडाच्या दोन हजार पट.

म्हणजे खातेदार एकच हे फ्लॅमस्टीडचं बरोबर, वाट चूक. न्यूटनचं आधी सगळंच चूक आणि नंतर सगळंच बरोबर. अशा प्रसंगी नाव कोणाचं होतं, हे नोकरदार माणसाला सांगायला नको. पुढे दोघांचं इतकं फाटलं, की १७१३ च्या आवृत्तीत न्यूटननं फ्लॅमस्टीडचं नाव अनेक ठिकाणांहून खोडून टाकलं. त्याच्या आदल्याच वर्षी फ्लॅमस्टीडच्या ताऱ्यांच्या याद्या न्यूटन आणि हॅले यांनी त्याला न विचारता छापून टाकल्या होत्या. त्या चारशे प्रतींपैकी तीनशे प्रती फ्लॅमस्टीडनं मिळवल्या आणि चक्क जाळल्या. मला त्याची ही कृती फार आवडते. न्यूटन तोवर लंडनच्या टाकसाळीचा मुख्य होऊन बसला होता, म्हणजे आमच्याच धंद्यात आला होता. तेव्हा त्याच्याविषयी यापेक्षा जास्त बोलत नाही.

हॅलेनंही या धूमकेतूला सोडलं नाही. एका धूमकेतूचं खातं त्यानं बरोबर जुळवलं होतं, त्यामुळे हात सैल सुटला होता. १६८०, ११०६, ५३१ आणि ज्युलियस सीझरच्या खुनानंतरचा इ.स.पू. ४४ चा धूमकेतू, हे सगळे एकच आणि हा दर ५७५ वर्षांनी येतो, असं त्यानं मांडलं. बेरीज सुबक होती, पण खोटी. आजच्या हिशेबानं १६८० चे पाहुणे दहा हजार वर्षांच्या घरात परत यायचे आहेत. यातला ११०६ चा धूमकेतू मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याची फाईल पुन्हा टेबलावर येणार आहे.

आता १८४३. सुरुवातीला सांगितलेला तो बोटभर अंतरावरचा. २७ फेब्रुवारीला तो सूर्याला वळसा घालून गेला. सूर्याची अर्धी प्रदक्षिणा त्यानं दोन-सव्वादोन तासांत उरकली. दुसऱ्या दिवशी भर उन्हात, सूर्यापासून हातभर अंतरावर लोकांनी तो पाहिला. मार्चमध्ये त्याची शेपटी तीस कोटी किलोमीटरच्या वर गेली, म्हणजे सूर्यापासून आपल्यापर्यंतच्या अंतराच्या दुप्पट. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी-प्रवचनकार मार्च १८४३ ते मार्च १८४४ या आर्थिक वर्षात जगबुडी आहे, असं आधीपासून सांगत होता. त्याच्या शिष्यांना धूमकेतू बघून कसलं समाधान वाटलं असेल! मार्च एंडिंगला जग बुडणार, अशी खात्री बँकेतल्या माणसांना दरवर्षीच असते, पण आम्हाला धूमकेतूचा दाखला कधी मिळाला नाही.

मग १८८० च्या फेब्रुवारीत दक्षिण गोलार्धात आणखी एक धूमकेतू दिसला. त्याची वाट काढली, तर हुबेहूब १८४३ ची! जुनी दप्तरं काढली, तर १६६८ साली दिसलेली एक शेपटीही त्याच वाटेवर बसण्यासारखी. आणि १८८२ च्या सप्टेंबरात या सगळ्यांचा बाप म्हणावा असा महाधूमकेतू आला. वाट पुन्हा तीच.

आता तुम्ही माझ्या जागी काउंटरवर बसा आणि तारखा बघा. १६६८ नंतर १८४३, म्हणजे १७५ वर्षं. त्यानंतर १८८०, म्हणजे ३७ वर्षं. त्यानंतर १८८२, म्हणजे अडीच वर्षांच्या वर थोडे महिने. एकच इसम, दर खेपेला लवकर येतोय. का? तर सूर्याभोवतीच्या वातावरणातून जाताना घासून घासून त्याचा वेग कमी होतोय. पुढची फेरी काही महिन्यांत, मग आठवड्यांत, आणि मग धपकन सूर्यात! सूर्य त्यानं भडकेल आणि आपली पृथ्वी भाजून निघेल. हे कोणी कुडमुड्या जोशी सांगत नव्हता. चांगले शिकलेले लोक छापून सांगत होते. तसा तर्कात दोष काढणं कठीण. कर्ज बुडणार की नाही हे आम्हीसुद्धा हप्त्यांमधल्या अंतरावरूनच ओळखतो.

या गोंधळात जर्मनीत कील शहराच्या वेधशाळेत एक मनुष्य कागद घेऊन बसला. हाइनरिश क्रॉयट्स. जन्म १८५४, मृत्यू १९०७. याच्यावर कोणी नाटक लिहिलेलं नाही, याच्या डोक्यावर सफरचंद पडलेलं नाही, यानं कोणाची पुस्तकं जाळली नाहीत. यानं बेरजा केल्या. या धूमकेतूंवरचा त्याचा पहिला भाग १८८८ साली निघाला, दुसरा १८९१, तिसरा १९०१. म्हणजे तेरा वर्षं मनुष्य तीनचार खात्यांचा ताळा जमवत होता, आणि तेही कॅलक्युलेटरशिवाय. आमच्याकडे सिस्टिम दहा मिनिटं बंद पडली तर आम्ही व्याज लावणं बंद करून चहाला जातो.

क्रॉयट्सच्या हाताशी माल उत्तम होता. १८८२ च्या धूमकेतूवर दक्षिण आफ्रिकेत केपच्या वेधशाळेची बारीक नजर होती. १७ सप्टेंबरला फिनले आणि एल्किन या दोघांनी भर दिवसा दुर्बिणीतून त्याचा पाठलाग केला, तो थेट सूर्याच्या कडेपर्यंत. कडेला टेकल्याबरोबर धूमकेतू दिसेनासा झाला. सूर्याच्या पुढून जाताना तबकडीवर एखादा काळा ठिपका तरी दिसावा की नाही? काही नाही! एवढा मोठा तोरा, एवढी शेपटी, आणि आतला ऐवज मात्र ठिपका उमटण्याइतकाही नाही. (अशी माणसंही आपल्या माहितीत असतात.) वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांनी गावातल्या एका फोटोग्राफरचा कॅमेरा दुर्बिणीला बांधून त्याचे फोटो काढले. फोटोत धूमकेतूपेक्षा मागचे तारेच इतके भरघोस आले, की त्यातून आकाशाचे नकाशे फोटोवरून करायची टूम निघाली.

क्रॉयट्सनं सूर्याजवळ जाण्याआधीचे वेध आणि नंतरचे वेध वेगवेगळे मांडून पाहिले. दोन्हींचं उत्तर एकच आलं. म्हणजे वेग तिळमात्र कमी झाला नव्हता. सूर्याजवळ घासणं वगैरे काही नाही. फेरीचा काळही निघाला तो शेकड्यांनी वर्षांचा. तेव्हा १८८० मध्ये आलेला १८८२ मध्ये परत येणं शक्यच नव्हतं. मग एकाच वाटेनं कसे? तर हे एक नव्हेत, अनेक आहेत. हे भाऊ आहेत!

इथे मी वाचता वाचता पुस्तक खाली ठेवलं. कारण ही चूक आमच्या काउंटरवरची रोजची. एकाच वाड्यात राहणारे तीन कुलकर्णी येतात. पत्ता एक, आडनाव एक, बापाचं नाव एक, नाकसुद्धा एक. कॉम्प्युटर म्हणतो की हा एकच ग्राहक आहे. १६८० साली एकाला दोन समजले, दोनशे वर्षांनी अनेकांना एक समजले, आणि दुसऱ्या चुकीपायी तर जग भाजायची वेळ आली होती. क्रॉयट्सनं फक्त वाड्याचा उतारा काढून दाखवला. पत्ता सारखा, कारण घराणं एक. फार पूर्वी एक मोठा धूमकेतू होता, तो सूर्याजवळ फुटला, आणि त्याच्या वाटण्या झालेली ही मंडळी अजून वडिलोपार्जित वाटेनंच ये-जा करतात. अमेरिकेत डॅनियल कर्कवुडनं १८८० सालीच १८४३ आणि १८८० च्या जोडीबद्दल हा संशय बोलून दाखवला होता, पण संशय आणि ताळा यांत फरक असतो. या घराण्याला आज क्रॉयट्सचं घराणं म्हणतात. १६८० चे ते राव मात्र या घराण्यातले नव्हेत.

(वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतूंची मोजदाद दिली आहे. कोणी म्हणतात एकशे एक, कोणी म्हणतात एक हजार. नारदमुनी मात्र म्हणतात की केतू एकच, रूपं अनेक. हे वाचून कोणी लगेच छाती फुगवू नये. नारदांनी ताळा जोडलेला नाही. पण बातमीदार म्हणून माणूस मोठा, यात शंका नाही.)

वाटण्या कशा होतात, तेही पाहण्यासारखं आहे. सूर्य आपल्या बाजूच्या टोकाला जास्त जोरानं ओढतो आणि पलीकडच्या टोकाला कमी. एवढ्या जवळ गेल्यावर हा फरक इतका होतो, की मुळातच ठिसूळ असलेला गोळा उसवतो. १८८२ च्या धूमकेतूचे तुकडे होताना लोकांनी दुर्बिणीतून पाहिले, एकामागे एक, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे.

धूमकेतू फुटतो असं म्हणणारा पहिला माणूस मात्र याच्याही बावीसशे वर्षं आधीचा. एफोरस नावाचा ग्रीक इतिहासकार. इ.स.पू. ३७१ च्या सुमारास एक प्रचंड धूमकेतू आला होता, आणि त्याचे दोन तुकडे झाले, असं त्यानं लिहून ठेवलं. ॲरिस्टॉटलनंही त्या धूमकेतूविषयी लिहिलं आहे, पण तुकड्यांबद्दल अवाक्षर नाही. चारशे वर्षांनी रोममध्ये सेनेकानं हे वाचलं आणि एफोरसला सरळ खोटारडा ठरवलं. दुसऱ्या कोणी हे पाहिलेलं नाही म्हणे. म्हणजे नोंदीवर दुसरी सही नव्हती! बँकेच्या नियमानं सेनेका बरोबर. एकाची सही म्हणजे कच्ची नोंद. पण दोन हजार वर्षं एफोरसच्या नावापुढे खोटारडा लिहिलेलं राहिलं, आणि आता त्याच धूमकेतूला क्रॉयट्सच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणून गंभीरपणे विचारात घेतात. पक्कं सांगता येत नाही, पण नाव खोडलेलं नाही. हे एफोरसला कळवायची सोय असती, तर टपालखर्च मी दिला असता.

मध्ये बराच काळ घराण्यातलं कोणी मोठं माणूस फिरकलं नाही. मग सप्टेंबर १९६५. जपानमध्ये नुकतं वादळ होऊन गेलं होतं आणि पहाटे आकाश धुतल्यासारखं स्वच्छ झालं होतं. काओरू इकेया हा पियानोच्या कारखान्यात काम करणारा एकवीस वर्षांचा पोरगा. दुर्बीण घरी केलेली, आरसासुद्धा हातानं घासलेला. आणि त्सुतोमु सेकी हे गिटार शिकवणारे मास्तर. दोघे दोन गावांत. दोघांनी पंधराएक मिनिटांच्या अंतरानं एकच धूमकेतू पकडला. २१ ऑक्टोबरला तो सूर्याच्या पृष्ठभागापासून साडेचार लाख किलोमीटरवरून गेला. जपानी माणसं भर दुपारी सूर्यापुढे हात आडवा धरून त्याच्या शेजारचा धूमकेतू पाहत होती. त्याच्या प्रकाशाचं पृथक्करण केलं तेव्हा त्यात लोखंड, निकेल, तांबं यांच्या वाफा सापडल्या. बर्फ तर सोडाच, आतले धातूसुद्धा उकळत होते.

मग तो उरला कसा? शंका रास्त आहे. धूमकेतू म्हणजे मळका बर्फाचा गोळा, असं फ्रेड व्हिपल यांनी १९५० साली सांगितलं. म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळतो तोच, फक्त दोनचार किलोमीटरचा आणि काला खट्टाशिवाय. पण बर्फाची लादी भुशात गुंडाळून भर मे महिन्यात हातगाडीवरून नेतात की नाही? वरचं वितळतं, आतलं पोचतं. शिवाय साहेबापुढचा काळच तासांचा. लादी मोठी असली तर निभावतं. खडा असला तर गेला.

इकेया-सेकीमुळे इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या ब्रायन मार्सडेन या तरुण गणितज्ञानं क्रॉयट्सचं दप्तर पुन्हा उघडलं. १९६७ साली त्यानं दाखवलं, की या घराण्याच्या दोन पात्या आहेत. आणि १८८२ चा महाधूमकेतू आणि इकेया-सेकी हे तर सख्खे भाऊ, बाराव्या शतकात एकाच पिंडातून फुटलेले. ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी दीडेकशे वर्षांची ही वाटणी. ११०६ ची फाईल ध्यानात ठेवा म्हणालो होतो, ती यासाठी. हॅलेनं जो धूमकेतू चुकीच्या खात्यात घातला होता, तो या घराण्याच्या कुळकथेत येऊन बसला.

आता प्रश्न उरला खड्यांचा. मोठे भाऊ वर्तमानपत्रात येतात. पण वाटण्यांच्या वाटण्या होऊन जे बारके झाले असतील, त्यांचं काय? ते सूर्याच्या उजेडात दिसणारच नाहीत. १७ मे १८८२ ला इजिप्तमध्ये खग्रास ग्रहण लागलं, सूर्य झाकला गेला, तर शेजारी एक धूमकेतू उभा! तिथल्या राजाचं नाव देऊन त्याला तेवफिक म्हटलं. ग्रहण सुटलं, आणि तो पुन्हा कोणाला दिसला नाही. ग्रहणाची ही मेहेरबानी वर्षानुवर्षांनी मिनिटभर. म्हणून बर्नार्ड ल्यो या फ्रेंच माणसानं १९३० च्या सुमारास दुर्बिणीतच एक चकती बसवून नकली ग्रहण करायची युक्ती काढली. दिव्याकडे बघताना आपण अंगठा आडवा धरतो, तीच.

हा अंगठा उपग्रहावर चढला तेव्हा खरी वही उघडली. सॉलविंड नावाचं उपकरण नेणाऱ्या अमेरिकी उपग्रहानं ३० ऑगस्ट १९७९ ला एक धूमकेतू सूर्याकडे जाताना टिपला. तो पलीकडून बाहेर आलाच नाही. हा शोध १९८२ साली छापून आला. त्या उपग्रहानं असे आणखीही पकडले. मग १३ सप्टेंबर १९८५ ला अमेरिकेच्याच हवाई दलानं नव्या क्षेपणास्त्राची चाचणी म्हणून तो उपग्रह उडवून दिला. तो तेव्हा चालू होता. शास्त्रज्ञ त्याच्यावर काम करत होते. आमच्याकडे चालू स्थितीतला पंखा निर्लेखित करून न्यायला माणसं आली होती तेव्हा मी रागावलो होतो. आता वाटतं, निदान त्यांनी क्षेपणास्त्र तरी आणलं नव्हतं.

२ डिसेंबर १९९५ ला युरोप आणि अमेरिकेनं मिळून 'सोहो' पाठवला. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर उभं राहून सूर्याकडे एकटक बघायचं, एवढंच त्याचं काम. (आपला आदित्य-एल१ ६ जानेवारी २०२४ ला त्याच मोक्याच्या जागी पोचला, त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकानं केली.) सोहोला धूमकेतू शोधायला कोणी सांगितलंच नव्हतं. पण फोटो सगळ्यांना खुले ठेवले, आणि जगभरचे हौशी लोक ते घरबसल्या बघू लागले. लागोपाठच्या फोटोंत एखादा ठिपका रांगेत सरकताना दिसला की धूमकेतू. असे हजारो ठिपके असतात, त्यांतले बहुतेक खोटे. कोणी दिसला म्हणून कळवतो, मग अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतले कार्ल बॅटम्स ताडून बघतात. एकानं नोंदवायचं, दुसऱ्यानं तपासायचं. एफोरसला जी दुसरी सही मिळाली नाही, ती आता दर ठिपक्याला मिळते.

मार्च २०२४ मध्ये सोहोच्या वहीत पाच हजारावा धूमकेतू चढला. तो नोंदवला हांजिए तान या चिनी तरुणानं. प्राग शहरात शिकत होता, आणि तेरा वर्षांचा असल्यापासून हा उद्योग करत होता. तो धूमकेतू निघाला मार्सडेनचं नाव दिलेल्या दुसऱ्या एका गटातला. पण पाच हजारांतले शेकडा पंच्याऐंशीच्या आसपास क्रॉयट्सच्या घरचे. सरासरी दर दोन दिवसांनी एक नोंद. बहुतेक आमच्या सोसायटीच्या बिल्डिंगपेक्षाही लहान. सोहोच्या वहीतल्या या क्रॉयट्स बारक्यांपैकी एकही सूर्याला वळसा घालून बाहेर आलेला नाही. काही तासांत वाफ. शेकडो वर्षं कडाक्याच्या थंडीतून एकट्यानं चालत यायचं, आणि ज्या दिवशी दिसायचं त्याच दिवशी संपायचं. पण नंबर पडतो, तारीख पडते, कोणी पाहिलं त्याचं नाव पडतं. खातं बंद करतानासुद्धा शेवटची ओळ स्वच्छ अक्षरात लिहावी, असं आमचे हेडक्लार्क म्हणत. ते निवृत्त झाले, पण हे ठिपके बघताना मला त्यांचं अक्षर आठवतं.

मोठ्यांचा काही भरवसा नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टेरी लव्हजॉय या हौशी गृहस्थांना याच घराण्यातला एक सापडला. १६ डिसेंबरला तो सूर्यापासून एक लाख चाळीस हजार किलोमीटरवरून जाणार होता. सगळ्या जाणकारांनी त्याच्या नावापुढे आधीच फुली मारली. तासाभरानं तो सूर्यामागून सहीसलामत बाहेर! दोनचार दिवसांत त्याचा गाभा विरघळला ही गोष्ट खरी, पण नुसत्या शेपटीवर त्यानं दक्षिणेकडचा नाताळ उजळून टाकला. उलट २०१३ चा आयसॉन. याला वर्षभर आधीपासून 'शतकातला धूमकेतू' म्हणून डोक्यावर घेतलं होतं. हा क्रॉयट्सच्या घरचा नव्हता; सूर्यमालेच्या टोकाहून पहिल्यांदाच खाली उतरत होता. २८ नोव्हेंबरला साहेबासमोर आला, आणि भुकटी. नवा माणूस! कोणी समजावून सांगितलं नसणार. २०२४ च्या सप्टेंबरात सापडलेला ॲटलास तर घरचाच होता, तोही २८ ऑक्टोबरला टिकला नाही.

१८८२ च्या त्या चार मोठ्या मण्यांचा हिशेब मात्र क्रॉयट्स करून गेला आहे. आता ते चौघे वेगवेगळे येतील. त्याच्या आकड्यांप्रमाणे एकाची फेरी साधारण ६७० वर्षांची, दुसऱ्याची ७७०, तिसऱ्याची ८७५, चौथ्याची ९५५. म्हणजे पहिला भाऊ २५५० च्या दशकात, दुसरा त्यानंतर शंभर वर्षांनी, तिसरा आणखी शंभर वर्षांनी, आणि शेवटचा २८३७ च्या सुमारास. आमच्याकडे मुदतठेव जास्तीत जास्त दहा वर्षांची. तरी मी चौघांच्या तारखा डायरीच्या मागल्या पानावर उतरवून ठेवल्या आहेत, आणि 'ही' विचारते की यावर नॉमिनी कोण.